पिशवीच्या कॅन्सरनंतर चालण्या-फिरण्यातल्या या चुका टाळा

ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं पार पडून बाई घरी आली की शेजारपाजारच्यांचा पहिला हुकूम सुटतो, "आता काय नको करू, पडून राहा." माया खरी, सल्ला चुकीचा. उपचारांनंतरचा हा थकवा झोपून जात नाही. पडून राहिल्याने स्नायू ढिले पडतात आणि दम आणखी लवकर लागतो. कॅन्सर गर्भाशयाचा असो, गर्भाशयमुखाचा किंवा अंडाशयाचा, डॉक्टरांनी मोकळीक दिली की चालायला लागायचं. सुरुवातीला पडवीत दहा मिनिटंही पुरे. हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जायचं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम करायचे. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं हाही त्यातलाच. अंडाशय काढल्यावर पाळी लवकर जाते, हाडं विरळ होतात, म्हणून हे दोन दिवस चुकवू नका.

याच्या उलट चूक म्हणजे पाऊस लागला की थेट लावणीला उतरणं. पोटाच्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे भरलेली कळशी किंवा तांदळाची गोणी उचलायची नाही. "घरकामातच व्यायाम होतो" हेही मला पुरतं पटत नाही. कामात विसावा कधी घ्यायचा, हे बाईच्या हातात कुठे असतं?

सगळ्यात जास्त गोंधळ पायाच्या सुजेबद्दल. ओटीपोटातल्या किंवा जांघेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड, म्हणजे अंगातलं पाणी गाळणाऱ्या बारीक गाठी) काढल्या असतील, तिथे रेडिएशन दिलं असेल, तर पायाला सूज येऊ शकते. कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी. संध्याकाळी एक चप्पल घट्ट होऊ लागली की दाखवून घ्यावं. अशा वेळी घाबरून चालणं सोडू नये, कारण पोटरीचे स्नायू हलले की साठलेलं पाणी वर सरकतं. गरम पाण्याने शेकणं आणि तेल लावून रगडणं मात्र बंद. फिजिओथेरपिस्टने माप घेऊन दिलेले दाबाचे मोजे चालताना घालावेत. आपल्याकडच्या घामट हवेत ते नकोसे होतात, कबूल. मग उन्हं तापण्याआधी चालून या. सुजलेला पाय अनवाणी चिखलात घालू नका. बारीकशा चिरेतूनही जंतू शिरतात. पाय लाल आणि गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काही किमोनंतर तळवे बधिर होतात, मुंग्या येतात. अशांनी शेवाळलेली पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, पावसाळ्यात टाळावी. पुळणीवरही चप्पल हवी. शिंपला रुतला तरी कळत नाही.

शिंकताना लघवी गळते म्हणून कित्येकजणी फिरायलाच जात नाहीत आणि कुणाला सांगतही नाहीत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते शिकून घ्या.

चालताना छातीत दुखलं, अचानक धाप लागली, एकच पोटरी दुखून सुजली किंवा अंगावरून रक्त गेलं, तर चालणं थांबवून लगेच दवाखाना. मुंबईचा मुलगा गणपतीला येईल तेव्हा बघू, असं म्हणत थांबू नका.