यादीतील मराठी नावे बिघडलेली दिसली, तर काय करावे?

पीक विम्याची यादी तालुक्याहून यावी आणि गावातल्या सेतू केंद्रात ती उघडताच शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसावीत, हा प्रकार विदर्भात नवा नाही. व्हायरस समजून संगणक फॉरमॅट करण्याची घाई अशा वेळी करू नये. संगणक अक्षराचा क्रमांक तेवढा साठवतो. कोणता क्रमांक कोणत्या अक्षराचा, हे कोष्टकावरून ठरते. लिहिताना एक कोष्टक आणि वाचताना दुसरे वापरले गेले, की अक्षरे बदलतात. पोलिश भाषेलाही हाच त्रास झाला, कारण आयएसओ ८८५९-२ आणि विंडोज-१२५० या कोष्टकांत शेपटीचा 'ए' आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेले 'एस' व 'झेड' वेगवेगळ्या क्रमांकांवर आहेत.

इलाज बिघाडाच्या रूपावर ठरतो. तिरक्या रेघेचा रोमन 'ए' आणि त्यापुढे चार किरणांचे लहान वर्तुळ अशी जोडी वारंवार दिसत असेल, तर मजकूर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व भाषांच्या सामाईक युनिकोड कोष्टकाच्या साठवण पद्धतीत आहे, पण वाचला जात आहे विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय भाषांच्या कोष्टकाप्रमाणे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी सारखाच असतो, म्हणून ही पुनरावृत्ती दिसते. एक्सेलमध्ये सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिक करून उघडल्यास हे अनेकदा घडते. फाइल सेव्ह न करता बंद करावी, कोरे एक्सेल उघडून 'डेटा' टॅबमधील 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडावे आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये '६५००१: युनिकोड (यूटीएफ-८)' ठेवावे. त्याच चौकटीत डेटा प्रकार न ओळखण्याचा पर्यायही निवडावा, नाहीतर बँक खाते क्रमांकापुढची शून्ये गळतात आणि नावे सुधारूनही यादी निरुपयोगी ठरते.

'मराठी' या शब्दाऐवजी ई, जे, के, मोठा बी, एच ही रोमन अक्षरे दिसली, तर मजकूर कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला आहे. तेथे रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट टाकल्यास यादी वाचता येईल, परंतु ऑनलाइन अर्जात नाव भरण्यासाठी ती कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलावीच लागते. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जातो, युनिकोडमध्ये हे क्रम उलटे असतात. म्हणून 'हिंगणघाट' आणि 'वर्धा' यांसारखे शब्द रूपांतरानंतर डोळ्यांनी तपासावेत.

नुसते चौकोन दिसत असतील, तर फॉन्ट नाही. मंगल किंवा निर्मला यूआय निवडून पाहावा. मात्र सगळीकडे प्रश्नचिन्हे उमटली असतील आणि फाइल 'एएनएसआय'मध्ये, म्हणजे देवनागरी नसलेल्या जुन्या विंडोज कोष्टकात, सेव्ह झालेली असेल, तर मूळ अक्षरे त्या फाइलमध्ये उरलेलीच नसतात, आणि ज्या कार्यालयातून यादी आली तेथूनच ती 'सीएसव्ही यूटीएफ-८' स्वरूपात पुन्हा मागवावी लागते.