बुलडॉगला ॲलर्जी आहे? मग खाणं शोधताना या चुका टाळा

बुलडॉग खाजवायला लागला की बहुतेक घरांत आधी फूडची पिशवी बदलली जाते. चिकनवालं बंद करून लॅम्बवालं आणतात. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही की सॅमनवालं येतं. मग दुकानदार सांगतो म्हणून ‘ग्रेन फ्री’, म्हणजे बिनधान्याचं. तोवर तीन-चार महिने उलटलेले असतात, पंजे चाटून चाटून पांढरे केस तांबूस झालेले असतात, कानांना आंबूस वास मारत असतो आणि घरातले हताश होऊन म्हणतात, याला काहीच सोसत नाही.

ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत असे किती तरी बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग मी पाहते. त्यातल्या बऱ्याच जणांना सोसणारं अन्न आहे, फक्त ते शोधायची रीत चुकते. दुकानातल्या फळीवर नजर फिरवून ते सापडणार नाही. आठ आठवडे एकच खाणं, दुसरं काहीही नाही, आणि त्याला सगळ्या घराची साथ, असं केलं तरच ते सापडतं. बहुतेक चुका या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

खाजेचं खापर थेट खाण्यावर फोडणं

खाजेची कारणं अनेक आणि खाणं त्यातलं एक. पिसवांच्या चाव्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला दोन-चार पिसवाही पुरतात, आणि त्या अंगावर दिसतीलच असं नाही. खरूज असू शकते, डेमोडेक्स (केसांच्या मुळाशी वाढणारे सूक्ष्म किडे) असू शकतो. घरातल्या धुळीतले माइट्स म्हणजे सूक्ष्म किडे आणि बुरशी यांचीही ॲलर्जी असते, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ती वर्षभर छळू शकते. डॉक्टरांनी त्वचा खरवडून आणि कानातला मळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय खाण्याच्या वाटेला जाऊच नये.

बुलडॉगच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. नाकावरच्या वळ्या आणि शेपटीखालची खाच यांत ओल साचते, यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढतं, कातडी लाल होते. जून ते सप्टेंबर हे फार होतं. ही जागा रोज पुसून कोरडी करायची असते. नुसतं फूड बदलून ती बरी होत नाही. गॅसचंही तसंच. चपट्या नाकाचा कुत्रा खाताना भरपूर हवा गिळतो, त्यामुळे केवळ वारा सरतो म्हणून ॲलर्जी आहे असं ठरवू नका.

खाण्याचा संशय कधी घ्यायचा? खाज कुठल्याही मोसमात हटत नाही, कान पुन्हा पुन्हा बिघडतात, पंजे, काखा, पोट आणि गुदद्वाराभोवतीची जागा लाल राहते आणि जोडीला शी पातळ किंवा दिवसातून बऱ्याच वेळा होते, तेव्हा. यीस्ट किंवा जंतुसंसर्ग आधीच झाला असेल तर त्यावर औषध चालू करूनच खाण्याची परीक्षा घ्या. नाहीतर अन्न अगदी बरोबर निवडलेलं असलं तरी संसर्गाची खाज चालूच राहील आणि चांगलं अन्न फुकट बाद होईल.

केस-लाळ पाठवून रिपोर्ट मागवणं

केस आणि लाळ पाठवा, शंभर पदार्थांची यादी मिळेल, अशा टेस्टवर पैसे घालवू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा टेस्टसाठी खेळण्यातल्या प्राण्याची कृत्रिम लव आणि लाळेऐवजी सलाइन पाठवलं होतं. त्यांच्याही ‘ॲलर्जी’चे रिपोर्ट आले. खाण्याच्या ॲलर्जीसाठी रक्ताच्या तपासण्याही भरवशाच्या नाहीत. खात्रीची परीक्षा एकच: संशयाचं सगळं बंद करून आठ आठवडे नवं अन्न आणि नंतर जुनं पुन्हा देऊन पाहणं.

बाहेरच्या देशातली यादी डोळे मिटून मानणं

कुत्र्यांना कशाची ॲलर्जी होते यावर २०१६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या २९७ कुत्र्यांमध्ये बीफ ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ टक्के असं प्रमाण होतं. भात आणि मासे जेमतेम दोन-दोन टक्के. हे वाचून लोक म्हणतात, आम्ही बीफ कधी दिलंच नाही, म्हणजे आमच्याकडे ॲलर्जी नाही. पण कुत्र्याला ॲलर्जी होते ती त्याने खाल्लेल्या पदार्थाची. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या कुत्र्याच्या पोटात बीफ गेलं तर ते बहुधा आयात फूडमधून किंवा चघळायच्या काड्यांमधून. रोज जातं ते चिकन, अंडं, दूध, दहीभात, पोळी आणि ग्लुकोज बिस्किट. आपल्याकडे संशयाची सुई आधी याच पदार्थांकडे वळायला हवी.

म्हणून पहिलं काम कागद-पेनाचं. पिल्लू घरी आल्यापासून त्याने काय काय खाल्लं ते लिहून काढा. ब्रीडरकडे काय खात होता तेही विचारा. यादीत नसलेलं प्रथिन हेच तुमच्या परीक्षेचं अन्न. चेंदणी कोळीवाड्यात किंवा दिवाळे गावात वाढलेल्या कुत्र्याला मासळी नवी नसते, त्याच्यासाठी ‘फिश फूड’ आणून उपयोग नाही. घोडबंदर रोडवरच्या शाकाहारी घरात पनीर-भातावर वाढलेल्याला तीच मासळी उत्तम. चिकन चालत नाही म्हणून बदक किंवा बटेर देणं भरवशाचं नाही, कारण पक्ष्यांची प्रथिनं एकमेकांशी बरीच मिळतीजुळती असतात. बीफचा संशय असेल तर मटणाबाबतही सावध राहा.

यादी इतकी लांब झाली की नवं काही उरतच नाही, तर हायड्रोलाइज्ड प्रोटीनचं वैद्यकीय फूड हा मार्ग आहे. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना सहसा ओळखत नाही. तरी ते कशापासून केलंय हे पाहाच. रॉयल कॅनिनच्या हायपोॲलर्जेनिकमध्ये सोयाचं असतं, हिल्सच्या झेड/डीमध्ये चिकनच्या लिव्हरचं. हे महाग असतं, पण तीन चुकीच्या पिशव्यांपेक्षा स्वस्तच पडतं.

“एवढासा तुकडा दिला तर काय होतंय?”

सगळ्यात जास्त परीक्षा इथे मोडतात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

आमच्याच इमारतीतल्या एका घरातलं उदाहरण. बुलडॉग पाचव्या आठवड्यातही खाजवत होता. फूड हायड्रोलाइज्ड, वाटी वेगळी, सगळं शिस्तीत. संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. आजी पोळ्या लाटत होत्या आणि तो त्यांच्या पायाशी. शेवटची पोळी तव्यावरून उतरली, आजींनी कडेचा तुकडा मोडला, फुंकर मारून निववला आणि हात खाली गेला. सून म्हणाली, “आई, त्याला नाही द्यायचं ना!” आजी म्हणाल्या, “अगं, तूप नाही लावलंय.” त्यांच्या मनात कुत्र्याबद्दल मायाच होती. गव्हाचा प्रश्न आहे हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. त्यांना तेव्हा पंजे दाखवले, बोटांच्या बेचक्यातली लाल कातडी दाखवली. दुसऱ्या दिवसापासून आजीच घरातल्या सगळ्यांवर लक्ष ठेवू लागल्या.

म्हणून घरातल्या थोरामोठ्यांना हुकूम सोडू नका, कारण सांगा. आणि त्यांना द्यायला काहीतरी हातात ठेवा. रोजच्या मापातले मूठभर दाणे एका डबीत काढून ती आजी-आजोबांच्या हवाली करा. लाड त्यातूनच होऊ देत.

बाकीच्या चोरवाटाही बुजवायला हव्यात. कामाच्या मावशी, वॉचमन, लिफ्टमध्ये भेटणारी मुलं, यांतलं कुणीतरी बिस्किट देतं. उपवन तलावापाशी फिरताना पावाचे तुकडे पडलेले असतात, भटक्या कुत्र्यांसाठी ठेवलेला चिकन-भात असतो. तिथे पट्टा आखूड धरा. घरात मांजर असेल तर तिची वाटी उंचावर. बाळ असेल तर त्याच्या जेवणाच्या वेळी कुत्रा दुसऱ्या खोलीत.

आणि औषधं! गोळी पेढ्यात किंवा पनीरमध्ये दडवून देणं बंद. गोचीड-पिसवांच्या चघळायच्या गोळ्यांना बऱ्याचदा मांसाची चव लावलेली असते, व्हिटॅमिनच्या सिरपला आणि कुत्र्यांच्या टूथपेस्टलाही. डॉक्टरांना आधीच सांगितलं तर ते या आठ आठवड्यांपुरता मानेवर टाकायचा थेंब किंवा बिनचवीची गोळी सुचवतात. गोचिडांचा बंदोबस्त मात्र थांबवायचा नाही.

पंचांग न बघता सुरुवात करणं

हा मुद्दा कुठल्याही परदेशी लेखात मिळणार नाही, पण आपल्याकडे परीक्षा इथेही मोडते. जुलैमध्ये मासळी-भातावर सुरुवात केली आणि श्रावण लागला. घरात मासळी येणं बंद, मग कुत्र्याला महिनाभर दहीभात. पाठोपाठ गणपती, पाहुणे, मोदक, पेढे. पावसाळ्यात यीस्टचा जोरही सर्वाधिक, त्यामुळे खाज अन्नाने वाढली की ओलीने, हे कळत नाही.

तब्येत थांबू देत असेल तर दिवाळीचा फराळ संपल्यावर सुरुवात करा. मार्गशीर्षातले गुरुवार मध्ये येतात, पण त्यासाठी आदल्या दिवशी शिजवून फ्रिजमध्ये ठेवता येतं. घरात मांसाहार अजिबातच शिजत नसेल तर हायड्रोलाइज्ड फूडच घ्या. खाज असह्य असेल तर मुहूर्त बघत बसू नका, श्रावणातही सुरू करा, फक्त अन्न असं निवडा जे सणासुदीतही बदलावं लागणार नाही.

पिशवीच्या पुढच्या बाजूवर विश्वास ठेवणं

समोर मोठ्या अक्षरात ‘फिश’ आणि मागे घटकांमध्ये चिकन मील, चिकन फॅट, अंड्याची पावडर, हे सर्रास आढळतं. मागची बाजू शेवटपर्यंत वाचा. दुकानातल्या साध्या फूडमध्ये यादीत नसलेली प्रथिनंही निघाल्याचं वेगवेगळ्या तपासण्यांत दिसलंय, कारण एकाच यंत्रावर अनेक प्रकार बनतात. म्हणून परीक्षेसाठी वैद्यकीय फूड किंवा घरी शिजवलेलं.

‘ग्रेन फ्री’चा मोहही टाळा. तांदळाची ॲलर्जी क्वचित होते, आणि वाटाणा, मसूर, बटाटा भरलेल्या ग्रेन-फ्री फूडचा हृदयाच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने (एफडीए) २०१८ मध्ये सुरू केली होती. गव्हाचा संशय असेल तर गहू टाळा, सगळी धान्यं कशाला?

स्वस्त पडते म्हणून बारा किलोची पिशवी पावसाळ्यात उघडून ठेवू नका. दमट हवेत दाण्यांना ओल लागते, त्यात साठवणीतले माइट्स होतात आणि काही कुत्र्यांना त्यांचीच ॲलर्जी असते. छोटी पिशवी घ्या आणि मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

घरचं म्हणजे आपोआप चांगलं असं मानणं

घरी शिजवायचं तर एक मासळी किंवा एक मांस आणि एक पिष्ट, म्हणजे भात किंवा रताळं. मीठ-मसाला नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही, त्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. मासळी ताजी, काटे काढून उकडलेली.

बुलडॉगसाठी खास एक धोका आहे. इंग्लिश बुलडॉगमध्ये एका आनुवंशिक दोषामुळे लघवीत युरिक ॲसिड जास्त जाऊन मुतखडे होऊ शकतात. अशा कुत्र्याला लिव्हर, तारली, सुका जवळा किंवा बोंबील भरपूर देणं घातक, कारण ज्यांपासून युरिक ॲसिड बनतं ती प्युरिन त्यांत जास्त असतात. सुक्या मासळीत मीठही असतं. म्हणून इंग्लिश बुलडॉगची लघवी आधी तपासून घ्या आणि अन्न त्यानुसार ठरवा.

नुसतं मांस आणि भात यांत कॅल्शियम फार कमी असतं. मोठ्या कुत्र्याचे आठ आठवडे त्यावर निघतात, पण तेच वर्षभर चालू ठेवलं तर हाडांवर परिणाम होतो. वाढत्या पिल्लाला तर आठ आठवडेसुद्धा नको. लांबचा बेत डॉक्टरांकडून मोजूनमापून घ्या.

तिसऱ्या आठवड्यात कंटाळणं, आणि बरं वाटल्यावर थांबणं

पोटाच्या तक्रारी लवकर हटतात, कातडी वेळ घेते. खाण्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक पाच आठवड्यांत सुधारतात आणि ९० टक्क्यांहून अधिक आठ आठवड्यांत. पंधरा दिवसांत अन्न बाद करणं म्हणजे त्याला संधीच न देणं. सुरुवातीला खाज फार असेल तर डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात, पण ते बंद केल्यावरही परीक्षा किमान दोन आठवडे चालायला हवी. फ्रिजवर कागद लावा, रोज रात्री खाजेला दहापैकी आकडा द्या, शी कशी झाली ते लिहा.

खाज थांबली की पुढचं पाऊल घ्यायला लोक घाबरतात. पण जुनं अन्न पुन्हा देऊन पाहिल्याशिवाय काही सिद्ध होत नाही, कदाचित ऋतू बदलला म्हणून बरं वाटलं असेल. आधीचं खाणं पुन्हा सुरू करा. ॲलर्जी असेल तर बहुतेकदा १४ दिवसांच्या आत खाज परतते, काहींची त्याच दिवशी. खाज दिसली की लगेच थांबवून परीक्षेच्या अन्नावर या. तो शांत झाला की एकेक पदार्थ, प्रत्येकी दोन आठवडे: आधी चिकन, मग अंडं, दही, गहू. मात्र आधी कधी खाण्यानंतर तोंड सुजलं असेल, अंगावर गांधी उठल्या असतील किंवा श्वास लागला असेल तर हा प्रयोग घरी करू नका. बुलडॉगची श्वासनलिका मुळातच अरुंद, त्याला अशा वेळी मिनिटांचा हिशोब असतो.

आठ आठवडे काटेकोर पाळूनही आकडा हलला नाही, तर खाण्याची ॲलर्जी जवळपास बाद समजा. महागडं फूड जन्मभर चालू ठेवायची गरज नाही. आता रोख धुळीच्या आणि बुरशीच्या ॲलर्जीकडे वळवायचा: त्वचेच्या डॉक्टरकडे जाणं, औषधी शाम्पूने नियमित आंघोळ, अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात. जवळ त्वचेचे जाणकार नसतील तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. जाताना फ्रिजवरचा तो कागद, आजवरच्या खाण्याची यादी आणि दिलेल्या औषधांची नावं सोबत न्या. आणि जायचं सकाळी लवकर किंवा एसी गाडीने, कारण दुपारच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकलेला बुलडॉग खाजेपेक्षा मोठ्या संकटात सापडतो.