हिंगारीत (रब्बीत) उपग्रहाचा नकाशा: एक ठिपका, एक गुंठा

पावसाळ्यात बेळगाव-खानापूर पट्ट्यावर आभाळ इतकं भरलेलं असतं, की उपग्रहाच्या चित्रात शेत सापडतच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते मोकळं असतं, म्हणून नकाशा बघायचा तो याच दिवसांत. सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझर या वेबसाइटवर फुकट मिळतात, साधारण दर 5 दिवसांनी नवं.

त्यातला एक ठिपका 10 बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. बांधाकडच्या ठिपक्यात बांध, बाभूळ आणि शेजाऱ्याचं पीक मिसळतं. ते धरू नका. 20 मीटर रुंदीच्या पट्टीत मग हाती काहीच उरत नाही. तिथं पायी फेरीच बरी.

ज्वारी, हरभरा, नव्या लागणीचा ऊस यांचा एनडीव्हीआय (पिकाचा हिरवेपणा दाखवणारा आकडा) 10-15 दिवसांच्या अंतरानं तीनदा बघा. एकदाच फिकट दिसलेली जागा ढगाची सावली असू शकते. तिन्ही वेळा तीच जागा फिकट असेल तर फावडं घेऊन तिथं जा. भातानंतर मसूर उशिरा पेरला असेल तर तो फिकट दिसणारच, तो रोग नव्हे. दाटलेल्या उसात मात्र हा आकडा 0.8 च्या आसपास अडकतो, चांगला-वाईट फरक कळत नाही.

अथणी, रायबागकडे कृष्णाकाठच्या उसात असे डाग बहुधा जादा पाण्याचे. फिकट जागेची आणि चांगल्या जागेची माती वेगवेगळी तपासा. ईसी (मातीतल्या क्षारांचं माप, डीएस/मी मध्ये) 4 च्या वर आणि पीएच 8.5 च्या आत असेल तर जमीन खारवट. चर काढून निचरा करा, जिप्समला पैसे घालू नका. पीएच 8.5 च्या वर गेला तर चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली जमीन. तिथं जिप्सम लागतं, तपासणीत येईल तेवढं, पण निचऱ्याशिवाय तेही वायाच.

कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपवर उभ्या जागेचा सर्व्हे नंबर दिसतो. मोबाईलचं जीपीएस पाच-दहा मीटर सहज चुकतं, तेव्हा त्यावरून बांधाचा वाद काढू नका. त्याला सरकारी मोजणीच लागते.

पीक समीक्षेचा (कर्नाटक सरकारच्या मोबाईलवरच्या पीक नोंदणीचा) फोटो बांधावरून नव्हे, वावराच्या मधोमध उभं राहून काढा, नाहीतर पीक शेजारच्या नंबरात जाऊन बसतं. हंगाम ‘हिंगारु’ (रब्बी) निवडा. यादी कानडीत असेल तर ‘कडले’ म्हणजे हरभरा, ‘जोळ’ म्हणजे ज्वारी आणि ‘मेक्केजोळ’ म्हणजे मका. या शेवटच्या दोघांत गल्लत झाली, की विम्याच्या वेळी कागद आणि शेत जुळत नाही.