स्वतःच्या भेगा बुजवणारं काँक्रीट: या चुका टाळा

जिवाणूंचं काँक्रीट म्हटलं की तुटलेलं आपोआप सांधलं जाईल असं अनेकांना वाटतं. पहिली चूक इथेच होते. या काँक्रीटमध्ये जिवाणूंचे सुप्त बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जिवाणू, मिसळलेले असतात. भेगेत पाणी शिरलं की ते जागे होतात आणि कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा थर साठवतात. पाणी आणि क्षार अडले की सळई गंजण्याचा धोका कमी होतो. जास्त भाराने तडकलेल्या तुळईची ताकद मात्र या थराने परत येत नाही. पाया खचला असेल किंवा सळया कमी पडल्या असतील, तर ते दुखणं आधी दूर करावं लागतं.

बीजाणू थेट मिश्रणात ओतणं

अनेक प्रयोग इथे फसतात. ताज्या काँक्रीटचा पीएच १२ ते १३ असतो, म्हणजे ते तीव्र अल्कली असतं. त्यात बहुतेक जिवंत जिवाणू टिकत नाहीत. म्हणून अल्कलीत तग धरणाऱ्या बॅसिलस जातींचे बीजाणू घेतात, उदाहरणार्थ बॅसिलस कोह्नी किंवा बॅसिलस स्यूडोफर्मस. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक योंकर्स यांच्या गटाने हेच बीजाणू उघडे मिसळून पाहिले, तेव्हा ते सुमारे ४ महिनेच टिकले. सिमेंट मुरत जातं तशी त्यातली छिद्रं आक्रसतात आणि साधारण १ मायक्रॉनच्या बीजाणूला जागाच उरत नाही. उपाय आहे कवचाचा: फुगवलेल्या मातीचे सच्छिद्र दाणे, हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारा जेल) किंवा सूक्ष्म कॅप्सूल.

पण हे दाणे खडीइतके मजबूत नसतात. खडी काढून तेवढेच दाणे घातले आणि बाकीचं मिक्स डिझाइन (मिश्रणाचं ठरवलेलं प्रमाण) तसंच ठेवलं, तर क्यूब टेस्टमध्ये, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडण्याच्या चाचणीत, ताकद घसरलेली दिसेल. आधी ट्रायल मिक्स (चाचणीपुरतं थोडं मिश्रण) करा, प्रमाण मगच ठरवा.

खाद्य निवडताना

जिवाणूंना खाद्य हवं म्हणून साखर घालू नका. थोडीशी साखरसुद्धा सिमेंटचं सेटिंग लांबवते. दुसऱ्या दिवशीही काँक्रीट ओलं-कच्चं राहिलं, तर संशय आधी खाद्यावर घ्या. कॅल्शियम लॅक्टेट हे खाद्य तुलनेने सुरक्षित आहे, तरी प्रत्येक सिमेंटबरोबर तपासून पाहिलंच पाहिजे. युरिया वापरणारी पद्धत वेगाने चुनखडी बनवते, पण त्यात अमोनिया सुटतो. बंद जागेत उग्र वास आला तर कारण हेच.

भेग बुजत नसेल तर

आधी पाणी पाहा. कायम कोरड्या भागात बीजाणू झोपूनच राहतात. मग ऑक्सिजन: लॅक्टेटवर जगणाऱ्या जिवाणूंना तो लागतो, म्हणून भेगेच्या तोंडाशी थर आधी जमतो आणि खोलवर कमी. भेगेवर घाईने वॉटरप्रूफ कोटिंग मारलं, तर पाणी आणि हवा दोन्ही तोडल्यासारखं होतं. थंडीत काम मंदावतं. तेव्हा निकाल लगेच मागू नये. उन्हाने किंवा वाहतुकीने सतत उघडझाप होणारी भेगही जिवाणूंच्या हाताबाहेरची आहे, कारण जमलेला ठिसूळ थर पुन्हा तडकतो.

रुंदी तर मोजायलाच हवी. डेल्फ्टच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १०० दिवस पाण्यात ठेवल्यावर जिवाणू असलेल्या नमुन्यांत ०.४६ मिमीपर्यंतच्या भेगा बुजल्या. त्याहून बऱ्याच रुंद भेगांसाठी ग्राउट (भेगेत भरायचं पातळ मिश्रण) किंवा दुरुस्तीचं मॉर्टर वापरावं. जिवाणू आहेत म्हणून भेगा आवरणाऱ्या सळया कमी करणं किंवा क्युरिंगमध्ये (काँक्रीट ओलं ठेवून मुरवण्यात) कुचराई करणं तर अजिबात परवडणारं नाही.

पांढरं दिसलं म्हणजे बुजलं?

नाही. त्याच चाचणीत जिवाणू नसलेल्या नमुन्यांतही ०.१८ मिमीपर्यंतच्या भेगा बुजल्या होत्या, कारण न मुरलेलं सिमेंट पाणी मिळताच पुन्हा काम करू लागतं. तुलनेसाठी साधे नमुने ठेवले नाहीत, तर श्रेय कुणाचं हे कळायला मार्ग नाही. वरून फुललेले क्षारही पांढरेच दिसतात. भेगेवर ठरावीक जागी खुणा करा, प्रत्येक खुणेशी रुंदी मोजून लिहून ठेवा आणि भेगेतून ठरलेल्या दाबाने किती पाणी झिरपतं ते आधी आणि नंतर मोजा. झिरपणं घटलं नसेल, तर थर फक्त वरच्या तोंडाशी आहे असं समजा.