झिंक चिपवर लिनक्स सुरू करताना: आधी प्रोसेसर, मग एफपीजीए

झेडबोर्ड या विकास-बोर्डावरील झिंक झेड-7020 या चिपमध्ये एआरएमचे दोन कॉर्टेक्स-ए9 प्रोसेसर आणि हवे ते सर्किट पुन्हा पुन्हा घडवता येणारे एफपीजीए लॉजिक शेजारी शेजारी बसवलेले आहे. लिनक्स चालते ते प्रोसेसरवर. एफपीजीएचा भाग मात्र वीज दिल्यावर कोराच असतो आणि बिटस्ट्रीम, म्हणजे सर्किटाची मांडणी सांगणारी फाइल, भरल्याखेरीज त्यात काहीही नसते. नवख्या माणसाच्या बहुतेक अडचणी या दोन भागांचा क्रम चुकल्यामुळे उद्भवतात. म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्यांदा बिटस्ट्रीमला हातच लावू नये आणि निव्वळ प्रोसेसरवर लिनक्स लॉगिनपर्यंत न्यावे.

एसडी कार्डाचे दोन भाग करावेत: पहिला फॅट32, दुसरा ईएक्सटी4. बोर्डावरील जेपी9 आणि जेपी10 हे जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) 3.3 व्होल्टच्या बाजूला आणि जेपी7, जेपी8, जेपी11 ग्राउंडच्या बाजूला लावले, की चिप कार्डावरून सुरू होते. यूएआरटीची (सीरियल पोर्टची) यूएसबी केबल संगणकाला जोडून सीरियल टर्मिनल 115200 या वेगावर उघडून ठेवावे, कारण पुढचे सगळे निदान तिथेच होणार आहे.

चिपमधील कायमचा बूट रॉम पहिल्या भागातील ‘बूट डॉट बिन’ ही फाइल शोधतो आणि चिपवरच्याच छोट्या मेमरीत आणतो. चिपबाहेरची 512 एमबी डीडीआर ही मुख्य मेमरी तोवर सुरू झालेली नसते, त्यामुळे हा पहिला लोडर 192 केबीच्या आत बसावा लागतो आणि घड्याळे (सर्किटांना ताल देणारे संकेत), पिना व डीडीआर यांची मांडणी त्यालाच करावी लागते. यू-बूट या बूटलोडरचा एसपीएल हा छोटा पहिला टप्पा हे काम उत्तम करतो; झेडबोर्डासाठी लागणारी मूल्ये यू-बूटच्या स्रोतातच आहेत. मात्र तुम्ही विवाडो या चिपच्या डिझाइन साधनामध्ये प्रोसेसरच्या पिना किंवा घड्याळे बदलली असतील, तर तिथून बाहेर पडलेली ‘पीएस7-इनिट-जीपीएल’ ही नवी फाइल यू-बूटमध्ये घालून तो पुन्हा बांधावा लागतो. टर्मिनलवर एकही अक्षर उमटत नसेल तर जंपर, फाइलचे नाव आणि कार्डाची विभागणी तपासावी. एसपीएलची ओळ येऊन काम थांबत असेल, तर डीडीआरच्या मांडणीवर किंवा यू-बूटची मुख्य फाइल कार्डावर नसण्यावर संशय घ्यावा.

कर्नेलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) मुख्य स्रोतातील एआरएम व्ही-7 ची सर्वसाधारण मांडणी आणि झेडबोर्डाचा डिव्हाइस ट्री (बोर्डावरील हार्डवेअरचे वर्णन करणारी फाइल) पुरेसा आहे. कार्डाच्या दुसऱ्या भागात जाणारी रूट फाइलसिस्टिम बिल्डरूट या साधनाने बांधावी. बूटच्या सूचनांत ‘रूटवेट’ विसरू नये, कारण कार्ड ओळखले जाण्यास थोडा वेळ लागतो आणि त्याआधीच कर्नेल रूट शोधू लागले तर पॅनिक होते, म्हणजे ते तिथेच थांबते.

लॉगिन मिळाल्यावर एफपीजीएकडे वळावे. विवाडोमध्ये साधा एएक्सआय जीपीआयओ (बटणे-दिवे जोडायचा तयार ब्लॉक) प्रोसेसरच्या जीपी0 पोर्टला जोडावा. या पोर्टचे पत्ते 1 जीबीपासून 2 जीबीपर्यंतच्या पट्ट्यात येतात. बिटस्ट्रीम यू-बूटमधूनच भरावे हे बरे. तिथली ‘लोडबी’ आज्ञा ‘डॉट बिट’ फाइलचा मथळा स्वतःच बाजूला काढते. लिनक्समधून भरायचे तर कर्नेलमध्ये 4.4 आवृत्तीपासून एफपीजीए मॅनेजर आहे, पण त्याला बाइटांचा क्रम उलटवलेली ‘डॉट बिन’ फाइल लागते, आणि तशी नसेल तर झिंकचा ड्रायव्हर सिंक वर्ड (सुरुवातीची ठरलेली खूण) सापडला नाही असे सांगून ती नाकारतो. बिटस्ट्रीम नीट भरले की बोर्डावरचा निळा ‘डन’ दिवा लागतो.

हा दिवा लागला तरी काम झाले असे मानू नये. कोऱ्या किंवा घड्याळ बंद असलेल्या लॉजिकचा पत्ता प्रोसेसरने वाचला, तर एएक्सआय बसवर (प्रोसेसर व लॉजिक यांना जोडणाऱ्या मार्गावर) उत्तरच येत नाही. प्रोसेसर तिथेच अडकतो आणि चूक झाल्याचा संदेशही उमटत नाही. माझे दोन दिवस नेमके यात गेले: तोच पत्ता यू-बूटमधून बिनतक्रार वाचता येत होता आणि लिनक्समध्ये वाचला की बोर्ड गप्प होत होता. कारण असे, की लॉजिकला मिळणारे एफक्लॉक हे घड्याळ प्रोसेसरच्या बाजूने येते, आणि कोणत्याही ड्रायव्हरने न मागितलेली घड्याळे कर्नेल बूटच्या शेवटी बंद करून टाकते. त्यावर उपाय म्हणजे डिव्हाइस ट्रीमधील घड्याळाच्या नोडमध्ये ‘एफक्लॉक-इनेबल’चे मूल्य 1 करणे, त्याने पहिले घड्याळ कायम चालू राहते, आणि चारही हवी असतील तर 15 लिहावे. स्वतःचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने घड्याळ रीतसर मागून घ्यावे, हे अधिक चांगले.

इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेताची, तेवढी एक खूणगाठ बांधावी. लॉजिककडून येणारा पहिला इंटरप्ट चिपच्या पुस्तिकेत 61 क्रमांकाचा आहे, पण डिव्हाइस ट्रीमध्ये सामायिक इंटरप्टांची गणना 32 वजा करून होते, म्हणून तिथे 29 लिहावे लागते. सुरुवातीला यूआयओ हा, साध्या प्रोग्रॅममधून उपकरण हाताळू देणारा, ड्रायव्हर वापरावा. तो प्रत्येक इंटरप्टनंतर ती वाट बंद करतो, आणि आपल्या प्रोग्रॅमने उपकरणाच्या फाइलीत 1 लिहिल्यावरच ती पुन्हा उघडते. एवढे करून त्या जीपीआयओला जोडलेले बोर्डावरचे बटण दाबावे आणि कर्नेलच्या इंटरप्ट यादीतील आकडा दर दाबण्यागणिक वाढतो का ते पाहावे.