मॉरिशसचा आठवड्याचा हवामान अंदाज वाचताना या चुका टाळा

फोनवर 'मॉरिशस' टाकलं की सात दिवसांचे सात ढग समोर येतात आणि प्रत्येक ढगाखाली दोन-तीन थेंब. जुलैत तेच, जानेवारीतही बहुतेक तेच. ते बघून कुणी सहल रद्द करतो, तर कुणी 'हे रोजचंच आहे' म्हणून खरा इशाराही सोडून देतो. दोघांचंही चुकतं ते एकाच ठिकाणी. या बेटाच्या अंदाजात पाऊस नंतर बघायचा असतो. आधी वारा बघायचा, आणि त्यातही वेगाच्या आधी दिशा.

पूर्ण बेटाला एकच हवामान लावणं

बेट लांबीला साधारण ६५ किलोमीटर आणि रुंदीला ४५. आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याहूनही लहान, म्हणून एकच अंदाज पुरेल असं वाटतं. पण मधोमध पठार आहे. त्यावरचं क्यूरपीप शहर साधारण ५५० मीटर उंचीवर बसलंय आणि आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर त्या पठारावर आदळतात. पठाराच्या ओल्या भागात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर ८०० च्या आसपास. महाबळेश्वर आणि वाईतला फरक ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं समजवायला नको. फक्त बाजू उलटी धरायची: इथे पूर्व आणि दक्षिण ओली, पश्चिम आणि उत्तर कोरडी.

बरीच अ‍ॅप 'मॉरिशस' म्हणून विमानतळाचे आकडे दाखवतात. विमानतळ प्लेझांसला, म्हणजे आग्नेय कोपऱ्यात, नेमक्या वाऱ्याच्या तोंडावर. मग तिथल्या सरींचे थेंब बघून पश्चिमेच्या फ्लिक-आं-फ्लाकचा बेत रद्द होतो आणि तिथे दिवसभर ऊन तापत असतं. गावाचं नाव टाकून अंदाज उघडा. तरीही चित्र पटत नसेल तर वाऱ्याची दिशा बघा. पूर्व-आग्नेय वारा ताशी २५-३० किलोमीटर असेल तर सरी पूर्वेला आणि पठारावर पडतील, पश्चिमेकडे त्यातल्या थोड्याच पोचतील.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, हमखास फसवतो. व्यापारी वारा पडला, १५ च्या खाली आला, की पश्चिम किनाऱ्यावर दुपारी समुद्राकडून वारा आत शिरतो. तापलेल्या उतारावर तो पूर्वेकडून येणाऱ्या मंद वाऱ्याला भिडतो आणि तीनच्या सुमारास पठारावर आणि त्या कोरड्या म्हणवल्या जाणाऱ्या पश्चिमेलाच धो धो पाऊस होतो. 'वारा मंद' हे शब्द वाचून निर्धास्त होऊ नका. त्या दिवशी बाहेरची कामं दुपारच्या आत उरका.

एक पत्रक उघडून बघू

मॉरिशसच्या हवामान खात्याचं (ते वाकोआ या गावी आहे) हिवाळ्यातलं पत्रक साधारण असं असतं: वारा पूर्व-आग्नेयेकडून ताशी ३० किलोमीटर, उघड्या जागी ७० पर्यंत झोत; पठारावर आणि पूर्वेकडे अधूनमधून सरी; प्रवाळकट्ट्याबाहेर समुद्र खवळलेला.

हे तीन तुकडे तीन वेगळ्या माणसांसाठी आहेत. पूर्वेच्या बेल मारला छत्री उलटी होईल, वाळू तोंडावर येईल. उत्तरेच्या ग्रां बेला त्याच वेळी पाणी बऱ्यापैकी शांत, पोहण्याजोगं. नैऋत्य टोकाच्या ल मॉर्नला पतंगाच्या दोरीवर लाटा कापणाऱ्यांची गर्दी. क्यूरपीपला स्वेटर. आणि कट्ट्याबाहेर मासेमारीला जाणाऱ्या छोट्या होडीसाठी त्या दिवशी सुट्टी.

फ्रेंच पत्रकात चार शब्द पुन्हा पुन्हा भेटतात: 'आवर्स' म्हणजे सर, 'रफाल' म्हणजे वाऱ्याचा झोत, 'उल' म्हणजे लांबून येणाऱ्या लाटा आणि 'ओ लार्ज' म्हणजे खुल्या समुद्रात. एवढे चार आले तरी पत्रकाचा निम्मा अर्थ लागतो.

हा जोरदार हिवाळी वारा येतो बेटाच्या दक्षिणेला ठाण मांडणाऱ्या जास्त दाबाच्या क्षेत्रातून. तेच मास्करीन क्षेत्र. याच वाऱ्यांचा प्रवाह पुढे विषुववृत्त ओलांडतो, वळतो आणि आपल्याकडे नैऋत्य मान्सून म्हणून येतो. मॉरिशसमध्ये छत्री उलटी करणारा वारा आणि कोकणातला पाऊस असे एकाच घरचे निघतात.

वाऱ्याच्या आकड्यांची सरमिसळ

सरासरी वेग आणि झोत हे दोन वेगळे आकडे आहेत. ३० च्या वाऱ्यात ७० चा झोत येऊ शकतो, आणि पत्रे, शिडं, पाट्या उडतात त्या झोतानेच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ६० च्या झोताला टिकलेल्या पत्र्यावर १२० ला चौपट जोर येतो, दुप्पट नव्हे.

चक्रीवादळाच्या वेळी गोंधळ आणखी वाढतो. एकाच वादळाचे तीन वेग ऐकू येतात आणि 'कुणाला काही कळत नाही' असं लोक ठरवून टाकतात. वास्तविक मोजणीची पद्धत वेगळी आहे. नैऋत्य हिंदी महासागराचं प्रादेशिक केंद्र शेजारच्या रियुनियन बेटावर आहे आणि ते दहा मिनिटांची सरासरी देतं, अमेरिकी नौदलाचं केंद्र एका मिनिटाची, आणि भारतीय हवामान विभाग आपल्या समुद्रांसाठी तीन मिनिटांची. एका मिनिटाचा आकडा साहजिकच मोठा दिसतो. एकच केंद्र धरा आणि कालच्या आकड्याशी आजचा आकडा त्याच केंद्राचा ताडून बघा.

'क्लास' म्हणजे वादळाची ताकद असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मॉरिशसमध्ये चक्रीवादळाचा इशारा क्लास एक ते चार अशा टप्प्यांत निघतो, आणि हा क्लास वादळाचा दर्जा नाही. तुमच्या हातात वेळ किती उरलाय, ते तो सांगतो. ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्याआधी साधारण ३६ ते ४८ तास क्लास एक. शक्य तेवढं करून दिवसाउजेडाचे १२ तास मिळावेत असा क्लास दोन, आणि दिवसाउजेडाचे ६ तास मिळावेत असा क्लास तीन. १२० चे झोत प्रत्यक्ष नोंदले गेले आणि पुढेही राहणार असतील तर क्लास चार.

'दिवसाउजेडाचे' हा शब्द घाईत वाचला जात नाही. समजा झोत पहाटे पाचला अपेक्षित आहेत. उन्हाळ्यात सूर्यास्त सातच्या सुमारास, म्हणजे उजेडाचे सहा तास मिळायला क्लास तीन आदल्या दुपारी एकलाच लागायला हवा. त्या वेळी बाहेर कदाचित लख्ख ऊन असेल. आणि मग ऊन बघून लोक 'उगाच घाबरवतात' म्हणत बाजारात निघतात. क्लास तीन लागला की घरात. खरेदीची वेळ क्लास एकची होती.

क्लास एकला करायची कामं मोजकी आहेत. प्रत्येक माणसामागे दिवसाला ४ लिटर पिण्याचं पाणी, निदान तीन दिवसांचं. गच्चीवरची टाकी भरून ठेवा: हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, रिकामी असली तर प्लास्टिकचा फुगा. १९६० च्या कॅरोल वादळानंतर तिथे काँक्रीटच्या सपाट छपरांची घरं वाढली, ती वाऱ्याला टिकतात, पण छपरावरच्या पाण्याच्या वाटेत पानं अडकली की तळं साचतं आणि पाणी भिंतीतून उतरतं. म्हणून त्या नळ्या साफ करा. खिडक्यांच्या झडपांचे बोल्ट एकदा फिरवून बघा, खारट हवेत गंज धरून बसलेला बोल्ट ऐन वेळी हलत नाही. आणि 'दाब समान राहावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवायची' ही ऐकीव गोष्ट सोडून द्या. आत शिरलेला वारा छपराला खालून उचलतो.

क्लास फक्त वाऱ्याबद्दल बोलतो, पावसाबद्दल नाही, हेही लक्षात असू द्या. ३० मार्च २०१३ ला राजधानी पोर्ट लुईत दोन तासांच्या आत १५२ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुरात ११ माणसं गेली. तेव्हा चक्रीवादळ नव्हतंच. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळ जवळून जाताना त्याच शहरात रस्त्यावरच्या मोटारी वाहून गेल्या. मुसळधार पावसाचा इशारा वेगळा निघतो. बारा तासांच्या आत १०० मिलिमीटर हा तिथला वर्षानुवर्षांचा निकष. तो इशारा असेल तर क्लास कितीही कमी असो, भुयारी मार्ग, नाल्याकाठचा रस्ता आणि तळघरातलं पार्किंग टाळायचं.

वारा अचानक थांबला तर वादळ संपलं असं धरू नका. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर आला असेल तर थोड्या वेळाने तितकाच वारा उलट्या बाजूने येतो, आणि तोवर माणसं पत्रे गोळा करायला बाहेर पडलेली असतात.

उत्तर गोलार्धाची सवय लावणं

अरबी समुद्रातलं वादळ घड्याळाच्या उलट फिरतं, मॉरिशसचं घड्याळाच्या दिशेने. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं तर इथे वादळाचं केंद्र उजव्या हाताला येतं, आपल्याकडे डाव्या. वादळं बहुधा ईशान्येकडून येतात, म्हणून पहिला वारा आग्नेयेचा. तो पुढे पूर्व आणि मग ईशान्येकडे वळत गेला तर केंद्र उत्तरेकडून पश्चिमेला सरकतंय. दक्षिण आणि नैऋत्येकडे वळला तर ते पूर्वेकडून जातंय. दिशा अजिबात न बदलता वेग वाढत राहिला आणि दाब पडत राहिला, तर ते सरळ तुमच्याकडे येतंय.

फोनमधला दाबमापक बघणाऱ्यांची एक खास चूक: सकाळी दहाला १०१४ होता, दुपारी चारला १०११ झाला, की धास्ती. उष्ण कटिबंधात दाब रोजच सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास दोन-तीन हेक्टोपास्कलने उतरतो. आजचे चार वाजताचे आकडे कालच्या चार वाजताच्या आकड्यांशी ताडा. त्याच वेळी तीनहून जास्त घट दिसली तर मात्र पत्रक उघडा.

निळं आकाश म्हणजे शांत समुद्र?

जून ते सप्टेंबरात हे हमखास होतं. ऊन स्वच्छ, वारा नाही, आणि दक्षिण किनाऱ्यावर तीन मीटरच्या लाटा. त्या हजारो किलोमीटर दक्षिणेच्या वादळांतून निघालेल्या असतात आणि इथे पोचायला दिवस घेतात. अंदाजात लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत दिलेलं असतं, ते बघा. दोन मीटर आणि ७ सेकंद म्हणजे चिडचिडी, वाऱ्याची लाट. दोन मीटर आणि १५ सेकंद म्हणजे दुपटीहून जास्त ताकद, आणि मध्ये एवढी शांतता की माणूस खडकावर फोटोला उभा राहतो. शिवाय दिलेली उंची ही मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून एखादी तिच्या जवळपास दुप्पट येतेच. दक्षिणेच्या ग्री-ग्रीला प्रवाळाची भिंत तुटलेली आहे आणि समुद्र सरळ कड्यावर येतो. तिथे पाण्यात उतरूच नये.

लगूनच्या, म्हणजे प्रवाळकट्टा आणि किनाऱ्यामधल्या उथळ पाण्याच्या, आतही एक सापळा आहे. कट्ट्यावरून आत पडलेलं पाणी परत जातं ते भिंतीतल्या खिंडीतून. बाहेर लाटा जेवढ्या मोठ्या, तेवढी खिंडीतली ओढ जास्त. आतलं पाणी तेव्हाही आरशासारखं दिसतं. भरती-ओहोटीचा फरक मात्र इथे अर्ध्या-पाऊण मीटरच्या आसपास, त्यामुळे कोकणातल्या उधाणाचा हिशेब कामाचा नाही.

वेळेचा घोळ

उपग्रहाच्या चित्रावरची वेळ बहुतेकदा जागतिक (UTC) असते. मॉरिशस तिच्या चार तास पुढे, भारत साडेपाच. चित्रावर ०६:०० असेल तर बेटावर सकाळचे दहा आणि पुण्यात साडेअकरा.

पाचव्या दिवसापुढचं तपशिलात वाचणं

दोन-तीन दिवसांपर्यंत वेळ आणि जागा धरून बेत करता येतो. पाच ते सात दिवसांसाठी फक्त कल घ्या: वारा वाढणार की पडणार. वादळाचा आठवड्यापुढचा मार्ग शेकडो किलोमीटरने सरकू शकतो आणि बेट आहे ६५ चं. वादळाच्या नकाशावर पुढे रुंद होत जाणारा शंकू केंद्र कुठून जाऊ शकतं ते दाखवतो, त्याच्या बाहेर वारा-पाऊस नाही असं तो म्हणत नाही.

सणांचं गणित यातूनच निघतं. महाशिवरात्रीची गंगा तलावची पदयात्रा ऐन वादळी मोसमात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तलाव पठारावर. पोर्ट लुईला कडक ऊन असलं तरी वर धुकं आणि सरी धरूनच चाला आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळचं पत्रक शेवटचं माना. गणपती मात्र तिथे हिवाळ्यात येतो. वादळाची भीती नाही, पण व्यापारी वारा जोरात. विसर्जन समुद्रावर असेल तर आडोशाचा पश्चिम किंवा वायव्य किनारा बरा, फक्त त्या दिवशी नैऋत्येकडून लांब पल्ल्याच्या लाटा येत नाहीत ना ते बघून घ्या. येत असतील तर मूर्ती घेऊन गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नका.