ब्रोकरने खरेदी किंमत शून्य दाखवली तर रिटर्नमध्ये काय भरायचं?

आईचे शेअर 2025 च्या फेब्रुवारीत विकले आणि नंतर ब्रोकरचा टॅक्स रिपोर्ट उघडला तर खरेदी किंमत शून्य, खरेदीची तारीख डिसेंबर 2024! शेअर बाबांनी 1998 ला घेतलेले, 2016 ला वारसाने आईच्या नावावर आले, आणि डिसेंबरात आम्ही ते जुन्या डिमॅटमधून नव्यात हलवले, एवढंच. पण नव्या ब्रोकरकडे मागची नोंद नसते, शेअर खात्यात आले तोच दिवस तो खरेदीचा धरतो. तो आकडा तसाच भरला असता तर आमच्या घरात पंचवीस वर्षं असलेले शेअर शॉर्ट टर्म (म्हणजे वर्षाच्या आत विकलेले) ठरून पूर्ण विक्रीवर 20 टक्के टॅक्स बसला असता.

तर पहिलं काम, कागद. आम्हाला नारायण पेठेतल्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत पुणे स्टॉक एक्स्चेंजच्या ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे खरेदीची पावती, सापडली, कार्बनची जांभळी अक्षरं अजून वाचता येतात. नोट नाही मिळाली तर निदान जुन्या डिमॅटचं स्टेटमेंट काढा, 31 जानेवारी 2018 ला शेअर तुमच्याकडे होते हे त्यातून दिसलं पाहिजे, कारण खरा फायदा त्या तारखेत आहे.

वारसाने आलेल्या शेअरची किंमत म्हणजे आधीच्या मालकाने मोजलेली किंमत, आणि त्याचा काळही आपल्या काळात धरला जातो. वर 1 फेब्रुवारी 2018 च्या आधीचे लिस्टेड शेअर असतील तर 31 जानेवारी 2018 चा बाजारातला सर्वात जास्त भाव बघायचा, तो आणि विक्रीचा भाव यातला कमी असेल तो घ्यायचा, मग तो आणि मूळ किंमत यातली मोठी रक्कम ही तुमची कॉस्ट. समजा घेतला 90 ला, त्या दिवशीचा भाव 1,200, विकला 1,500 ला, तर शेअरमागे नफा 300, पूर्ण 1,500 नाही! विकला 1,000 ला, तर नफा शून्य, पण तोटाही दाखवता येत नाही.

आता आयटीआर-2 या रिटर्न फॉर्ममधलं शेड्यूल 112ए, म्हणजे लिस्टेड शेअरच्या लाँग टर्म नफ्याचा तक्ता. 1 फेब्रुवारी 2018 च्या आधीचे शेअर हा पर्याय निवडून प्रत्येक कंपनी वेगळी भरायची, आयएसआयएन (शेअरचा ओळख क्रमांक) डिमॅट स्टेटमेंटवर असतो. इथे बरेच जण चुकतात, कॉस्टच्या रकान्यात 2018 चा भाव टाकतात. तिथे मूळ 90 च्या हिशोबानेच भरा, 2018 च्या भावाला वेगळा रकाना आहे, तुलना फॉर्म स्वतः करतो. नंतर स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर) झालं असेल तर तो भाव त्याच प्रमाणात भागा, हे विसरू नका हं.

बोनसचं, म्हणजे कंपनीने फुकट दिलेल्या शेअरचं, वेगळं. रिलायन्सचा 2017 चा बोनस असेल तर मूळ किंमत शून्य पण 31 जानेवारी 2018 चा भाव मिळतो, 2024 च्या बोनसला मात्र शून्यच, तिथे ब्रोकरचं शून्य बरोबर आहे. डीमर्जरमध्ये, म्हणजे कंपनीचा एक भाग वेगळी कंपनी होतो तेव्हा, मूळ किंमत कशी वाटायची याची टक्केवारी कंपनी जाहीर करते, रिलायन्समधून वेगळ्या झालेल्या जिओ फायनान्शियलला रिलायन्सच्या मूळ किमतीचे 4.68 टक्के जातात, म्हणजे 2,00,000 ला घेतले असतील तर 9,360 जिओची कॉस्ट, आणि तेवढेच रिलायन्समधून वजा करायचे.

शेवटी एआयएस, म्हणजे टॅक्स खात्याकडे असलेलं तुमच्या व्यवहारांचं वार्षिक स्टेटमेंट, उघडा, तिथेही चुकीची किंमत किंवा तारीख असेल तर त्या नोंदीवर फीडबॅक द्या की माहिती पूर्ण बरोबर नाही. रिटर्नला कागद जोडायचे नसतात, पण नोटीस आली तर लागतातच, आम्ही ती जांभळी नोट स्कॅन करून आईच्या टॅक्सच्या फाइलमध्ये ठेवलीये.